वेड्या बाभळीला पाणी

माझी बायको माझ्यावर चिडली नाही, इथून सगळा घोळ सुरू झाला. चिडली असती तर प्रकरण त्याच दिवशी चहाच्या आत मिटलं असतं, आणि मला अधिक महिन्यात जीपभर सासरच्या माणसांसमोर कपाळावर अक्षता चिकटवून, खांद्यावर नवा टॉवेल घेऊन, तोंड कुठं लपवावं याचा विचार करत बसावं लागलं नसतं.

आमच्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. पाणी सुटलं की आधी गढूळ येतं, ते हौदात घ्यायचं नसतं. मोटर लावायची, पाइप कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या मोकळ्या प्लॉटात सोडायचा आणि पाणी नितळ झालं की तोच पाइप उचलून हौदात टाकायचा. एवढंच काम. गल्लीतली शाळकरी पोरंही ते डोळे झाकून करतात. मी तर कॉलेजात वरिष्ठ लिपिक आहे, आणि माझ्या सहीशिवाय तिथून कुणाचा दाखला हलत नाही.

वर्षाराणी, म्हणजे माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेला सुट्टी होती, पण बाईंना नव्हती. सरकारची घरमोजणी लागली होती. तोंडाला स्कार्फ गुंडाळून ती सकाळीच निघायची आणि दारोदार विचारत फिरायची: घर कुणाचं, खोल्या किती, वर पत्रा की स्लॅब, पाणी कुठून आणता. नेटवर्क गेलं की मोबाईल उंच धरून उन्हात उभी. त्यात लोक तिलाच उलटं विचारणार, "बाई, आमचं घरकुल कवा व्हनार?" संध्याकाळी घरी आली की मी विचारायचो, "भाजी काय करायची?" हा प्रश्न मी तिला मान देण्यासाठी विचारत असे, असा माझा समज होता.

तर त्या दिवशी निघताना ती म्हणाली, "अवो, आज नळ यील. नितळ झालं की पाइप हौदात टाका. इसरू नका."

मी मोटर लावली. पाइप भिंतीवरून सोडला. तेवढ्यात शेजारचे बंकटतात्या आले. तात्या रिटायर तलाठी आहेत. नोकरीत होते तेव्हा जागेवर सापडत नसत, आता भिंतीपाशी कायम सापडतात. बोलता बोलता विषय निघाला पाण्याच्या नासाडीचा. त्या दिवशी मी फार चांगलं बोललो. लोकांना पाण्याची किंमत नाही, हातात नळी धरून गप्पा मारतात, अशा माणसांचं कनेक्शन तोडलं पाहिजे, असं मी तावातावानं सांगत होतो आणि तात्या मान हलवत होते. माझ्या पाठीमागं माझाच पाइप प्लॉटातल्या वेड्या बाभळीला पाणी पाजत होता. मी समारोपाला आलो आणि मोटर कोरडी घरघरायला लागली. पाणी गेलं होतं.

दुपारी वर्षा आली. हौदाचं झाकण उचलून तिनं आत पाहिलं. मी मोटरीच्या बटणापाशी उभा राहून कान तयार ठेवले. तिनं झाकण परत लावलं, स्कार्फनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "असू द्या."

आणि आत गेली.

आता तुम्ही म्हणाल, किती गुणाची बायको! पण तुम्हाला वर्षा माहीत नाही. तिची माफ करायची एक पद्धत आहे. आधी ती मनसोक्त बोलते. त्यात माझं, माझ्या घराण्याचं आणि माझ्या विसरभोळेपणाचं सगळं निघतं, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, आणि मग एकदम काहीतरी आठवून ती हसायला लागते. एकदा दिंद्रुडला मी भलत्याच मांडवात बसून, भलत्याच नवरदेवाला आहेर करून, जेवूनसुद्धा आलो होतो. दिंद्रुडपासून माजलगावपर्यंत ती मोटारसायकलवर मागं बसून बोलत होती. माजलगावात उसाचा रस पिताना तिला ठसका लागेपर्यंत हसू आलं. त्या रसाच्या गाड्यावर मला माफी मिळाली. तेव्हापासून उसाचा रस मला आवडतो.

या खेपेला ती काहीच बोलली नाही. जारचं पाणी मागवलं, अर्ध्या बादलीत अंघोळ उरकली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. मी जाऊन म्हणालो, "माझं चुकलं."

"हं."

"राग आलाय का?"

"न्हाई."

"मग बोल की काहीतरी."

"काय बोलू?"

दुसऱ्या दिवशी मी परत विचारलं, राग गेला का. तिसऱ्या दिवशीही विचारलं. ती प्रत्येक वेळी "न्हाई वो, असू द्या" म्हणायची, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, लोभ नव्हता, काहीच नव्हतं. ज्या आवाजात ती दारोदार पत्रा की स्लॅब विचारत असेल, त्याच आवाजात ती माझ्याशी बोलत होती. मला भीती वाटायला लागली. आमची पोरगी शिकायला संभाजीनगरला. घरात आम्ही दोघंच, आणि त्यातली एक अशी संपावर गेलेली. हे असंच राहिलं तर? काही घरांत मी पाहिलंय, नवराबायको वर्षानुवर्षं एकमेकांना "असू द्या" म्हणत जगतात. त्यांच्या घरी गेलं की बैठकीत बसवत नाही.

म्हणून मी माफी मिळवण्याचं काम रीतसर हाती घेतलं.

पहिला प्रयत्न चहाचा. ती दमून आल्या आल्या मी तिला पलंगावर बसवलं आणि म्हणालो, आज चहा मी करणार. मग स्वयंपाकघरातून आवाज दिला, साखर कुठाय? पत्ती कुठाय? आलं ठेचून टाकायचं का किसून? दूध कुठलं, सकाळचं का रात्रीचं? गाळणी? ती डोळे मिटून एकेक सांगत होती. शेवटी म्हणाली, "सरका, मीच करते." आणि तिनं केला. मीही प्यालो. चांगला झाला होता.

दुसरा प्रयत्न साडीचा. गेवराईच्या दुकानात मी गादीवर बसलो आणि तिला व्हिडिओ कॉल लावला. ती कुणाच्या तरी ओसरीवर उभी होती. मागं एक म्हातारी तिला म्हणत होती, "बाई, शेळीबी मोजा की माझी." मी मोबाईलसमोर साडी धरून विचारत होतो, मोरपंखी का डाळिंबी? काठ मोठा का लहान? दुकानदार मागून सुचवत होता, भाऊसाहेब, वहिनींना ती जांभळी दाखवा. वर्षा बघत होती, पण तिला दिसत होतं की नाही, कुणास ठाऊक. "कोनतीबी घ्या," ती म्हणाली. मला जरा लागलं. माणूस जीव तोडून माफी मागतो आणि समोरच्याला रंग निवडायचा उत्साह नाही, याला काय म्हणायचं? मी चिडून तिला न आवडणारा पोपटी घेतला. ती म्हणाली, "असू द्या."

शेवटी मी बंकटतात्यांना गाठलं. तात्यांनी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून सगळं ऐकून घेतलं.

"भाऊसाहेब, बायकूचा मान करावा लागतो. सध्या कंचा महिना हाय? अधिक. अधिकात जावयाला धोंडे खायला कावून बोलावत्यात? मान म्हून. तुमी उलटं करा. सासूसासऱ्याला आपल्या घरी बोलवा, वैनीला पाटावर बसवा, ओवाळा, आहेर करा. मराठवाड्यात आजवर कुन्या नवऱ्यानं केलं न्हाई असं होऊन जाईल."

आजवर कुणी का केलं नाही, हा विचार मला शिवला नाही. मला ती कल्पना फारच थोर वाटली. पुरणाचे धोंडे, वर तूप, पाटावर वर्षा, डोळ्यांत पाणी, "अवो, कशाला एवढं" असं काहीतरी ती म्हणेल, मग बोलेल, मग हसेल. मी सासऱ्यांना, राधाकिशन मामांना, तलवाड्याला फोन लावला. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जावईबापू, तब्येत बरी हाय ना?"

आता फक्त एक अडचण होती. त्या दिवशी नळ यायला नको, नाहीतर पाहुण्यांच्या गडबडीत पाइप पुन्हा विसरायचा. म्हणून मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेलो. पहिल्या टेबलावरच्यानं विचारलं, "कंच्या टाकीवर हाय तुमचं?" मी म्हणालो, मोठ्या. "मंग ते माझ्याकडं न्हाई." दुसऱ्या टेबलावरचा म्हणाला, साहेब साईटवर गेलेत. कधी येतील? "आल्यावर कळंल." हे वाक्य मी माझ्या खिडकीतून रोज पोरांना ऐकवतो. ते खिडकीच्या या बाजूला उभं राहून असं लागतं, याची मला कल्पना नव्हती. मी म्हणालो, अहो, मीसुद्धा लिपिक आहे. तो खूश झाला आणि म्हणाला, "मंग तुमाला ठावंच हाय. अर्ज द्या."

"आणि उत्तर कधी मिळेल?"

"नळ येऊन गेला की."

निघताना दारातल्या शिपायानं मात्र दयेनं सांगितलं, "रविवारी न्हाई येत पानी. बिनघोर ऱ्हावा." मी रविवार पक्का केला. वर्षाला मोजणीतून तोच एक रविवार मोकळा मिळाला होता. त्या दिवशी मी नुसती झोपणार, असं ती कधीतरी म्हणाल्याचं मला अंधुक आठवत होतं. पण मान मोठा की झोप?

आचारी मी ठरवला होता. अधिकात लग्नं नसतात, म्हणून आचारी रिकामे असतील असा माझा हिशेब. शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला: "भाऊसाहेब, जमायचं न्हाई. समद्या तालुक्याचे जावई जेवाया बसलेत." तेव्हा कुठं मला वर्षाला सांगावं लागलं, की उद्या तुझा मान आहे.

ती नुकतीच घरात आली होती. स्कार्फ अजून गळ्यात होता.

"किती जन येनार?"

"घरचेच."

"म्हंजी जीपभर."

"...हो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. आत्ता बोलेल, असं मला वाटलं. मनातून आशाच होती. पण ती म्हणाली, "असू द्या," आणि हरभऱ्याची डाळ भिजत घालायला गेली.

रविवारी पहाटेपासून ती पुरणाशी झटत होती आणि मी मदतीला उभा होतो. मदत म्हणजे मी विचारत होतो. मोठं पातेलं कुठलं घेऊ? वेलदोडे कुटू का? हे कुठं ठेवू? ते कुठून काढू? प्रत्येक गोष्ट तिच्या डोक्यातून काढून मग माझ्या हातात येत होती. तिचे हात कमी आणि डोकं जास्त शिणत होतं, हे मला आज कळतं. त्या वेळी मी घामानं भिजलो होतो आणि स्वतःवर बेहद्द खूश होतो.

दुपारी जीप आली. सावित्रीबाई मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, दारातच फर्मान काढलं, "हे आसलं उलटं आमच्यात न्हाई. अधिकात जावयाला सोडून लेकीला ओवाळायचं? लोक काय म्हनतील?" त्यांनी येताना तलवाड्याहून चांदीचा दिवा, टॉवेल, टोपी आणि डबाभर धोंडे आणलेच होते. मी नको नको म्हणत होतो. पण त्या म्हणण्यात जोर किती होता, हे मला विचारू नका. चांदीचा दिवा चांगला वजनदार दिसत होता.

थोडक्यात, वर्षासाठी मांडलेल्या पाटावर मी बसलो. मामींनी मला ओवाळलं. कपाळाला कुंकू, त्यावर अक्षता, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. शेजारच्या पाटावर मामा. समोर ताट आलं. वाढत कोण होतं? जिचा मान होता ती. पोपटी साडी नेसून, पदर खोचून, ती माझ्या धोंड्यावर तूप सोडत होती आणि तिचे डोळे मिटत होते. तूप ताटाबाहेर सांडलं. मामी म्हणाल्या, "आगं, ध्यान कुठं हाय तुजं?" आणि मी हातातला धोंडा परत ताटात ठेवला. मी एवढा खटाटोप करून काय मिळवलं होतं? तिच्या एका सुट्टीच्या दिवशी, तिच्याच घरात, तिनंच रांधलेल्या जेवणावर, तिच्याच आईकडून तिला बोलणी खायला घातली होती.

नेमकं तेव्हाच बाहेरून बंकटतात्यांचा आवाज आला, "भाऊसाहेब, पानी सुटलं!"

मी ताडकन उठायला लागलो. मामींनी टॉवेल धरून खाली बसवलं. "अधिकाच्या ताटावरनं जावयानं उठू न्हाई!" वर्षा पळी ठेवून म्हणाली, "जेवा तुमी. मी बघते." मोटरीचा आवाज सुरू झाला. मी जेवत राहिलो. होय, जेवत राहिलो, कारण सगळे बघत होते. पंगतीत तूप मागितलं जात होतं आणि वर्षा येत नव्हती. मोटर चालू होती. कुणीतरी म्हणालं, गेली कुठं ही? मग मात्र मी उठलोच.

ती हौदाशेजारी पालथ्या बादलीवर बसली होती. डोकं हौदाच्या कडेला टेकलं होतं, तोंड थोडं उघडं होतं. झोपली होती. असल्या उन्हात, मोटरीच्या घरघरीत, पोपटी साडीत. आणि पाइप भिंतीवरून पलीकडं पडला होता. नितळ, स्वच्छ पाणी वेड्या बाभळीच्या बुडाशी तळं करून बसलं होतं.

मी पाइप उचलून हौदात टाकला. तीच चूक, तोच पाइप, तीच बाभूळ. पण तिच्याकडून ती झोपेनं झाली होती आणि माझ्याकडून भाषणानं. एवढी दमलेली बाई माझ्याशी भांडणार कधी आणि मला माफ करणार कशानं? भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. आणि मी रोज, ती घरात पाऊल टाकायच्या आत, माफीची वसुली करायला दारात उभा होतो.

मागं मामा येऊन उभे राहिले. त्यांच्यामागं मामी, आणि भिंतीवर तात्या. मामी ओरडल्या, "आगं बया! पानी कुनी सोडलं तिकडं?"

"मी," मी म्हणालो. "मघाशी मीच पाइप टाकला आन इसरलो."

"गेल्या खेपंलाबी यांनीच सोडलतं," तात्यांनी भिंतीवरून साक्ष दिली.

मग मामींनी मला जे काही सुनावलं ते टोपी आणि अक्षतांसकट मी ऐकून घेतलं. एवढ्या शिकल्यासवरल्या जावयाला पाइप धरता येत नाही, दिवा दिला तो उगीच दिला, असं सगळं. पाणी सुटल्यावर टॉवेल धरून मला ताटावर त्यांनीच बसवलं होतं, हे रागाच्या भरात त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मामा मात्र गप्प होते. पाणी सुटल्यापासून मी त्यांच्या शेजारच्या पाटावर बसलो होतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी लेकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि एवढंच म्हणाले, "हळू बोला. झोपू द्या तिला." जन्मात मला एवढी लाज वाटली नव्हती. मामींनी तिला धरून आत नेलं. ती अर्धवट जागी झाली, "तूप वाढायचंय" म्हणाली आणि पलंगावर पडताच परत झोपली.

पाहुणे पाय न वाजवता गेले. मी सगळी भांडी घासली, पुसली आणि जिथं जागा दिसेल तिथं ठेवली. कुणाला काहीही विचारलं नाही.

दिवेलागणीला वर्षा उठली. सरळ हौदापाशी गेली, झाकण उचलून पाहिलं आणि येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"अर्धाच हाय. पानी मीच सांडलं ना?"

मी म्हणालो, "असू दे."

"असू दे?" तिचा आवाज चढला. "असू दे कसं? अर्धा हौद पानी गेलं आन असू दे? आन तुमी काय करत होता? धोंडे खात होता! टोपी घालून! माझा मान! आसला असतो व्हय मान? पाटावर तुमी आन तूप वाढाया मी? आन हा पोपटी रंग! सांगा, कावून आनला हा रंग? आन त्या दिवशी समदा हौद बाभळीला पाजला, भिताडाला टेकून भाषन करत..." ती सुटली. मागचं, पुढचं, दिंद्रुडचा मांडवसुद्धा. भिंतीपलीकडं तात्यांच्या खुर्चीचा आवाज झाला; ते जवळ सरकून बसले असावेत. मी मान खाली घालून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते आलं होतं. पण आता त्यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणून आनंद काही होत नव्हता.

बोलता बोलता ती थांबली. श्वास घेतला. मग हळू आवाजात म्हणाली, "इतके दिस साखर कुठंय इचारलं, गाळनी कुठंय इचारलं, रोज राग गेला का इचारलं. दमलीस का, म्हून एकदाबी इचारलं न्हाई."

आत्ता विचारणं म्हणजे कहरच झाला असता.

"चहा टाका," ती खाली बसत म्हणाली. "आन आतून मला हाक मारली तर बघा."

मी चहा टाकला. साखर सापडेना. दुपारी मीच कुठंतरी ठेवली होती. सगळे डबे उघडून पाहिले, एकही शब्द न काढता. शेवटी बिनसाखरेचे दोन कप घेऊन बाहेर आलो. तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, उठली, फ्रिजच्या डोक्यावरून साखरेचा डबा काढला, स्वतःच्या कपात चमचाभर घातली आणि डबा परत जागच्या जागी ठेवून दिला.

मी कडू चहा प्यालो. मला तोच योग्य होता.

थोड्या वेळानं तिनं आपल्या कपातला उरलेला घोट माझ्या कपात ओतला. माझ्या कपाळाकडं तिचं लक्ष गेलं. अक्षता अजून तिथंच चिकटलेल्या होत्या. तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. अंगठ्यानं तिनं त्या पुसून काढल्या आणि म्हणाली, "उद्या ती येडी बाभूळ तोडून टाका. आपल्या दोघांचं पानी पिऊन लई माजलीय."